‘सोड’ या शब्दाचं फ्रेंच

पण मग विश्वास कोणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा सौमित्रराव — जिला मराठीतलं ओ का ठो कळत नाही त्या बाईच्या कानांवर, की ज्याच्या मुठीत त्या माणसाची कॉलर होती त्याच्या शब्दावर? नाही, लिहा, लिहा, मी थांबवत नाहीये तुम्हाला. कोपी गार होतेय तुमची, इथली कॉफी फार गोड, साखर कमीच घालायला सांगितलीय. हां — तर फ्रान्समधल्या त्या कालव्याच्या लॉकवरच्या बाईनं तिथल्या पोलिसांना काय सांगितलं? की अरुणा, म्हणजे आमची मंडळी, दोनदा ओरडली, ‘सोद, सोद’, आणि लगेच आमच्या सहलीतला विक्रांत खाली पडला. आता फ्रान्सच्या पोलिसांना प्रश्न पडलाय, ‘सोद’ म्हणजे काय. आणि सिंगापूरच्या ह्या अख्ख्या जुरोंग ईस्टात फ्रेंच येणारा मराठी माणूस मला सापडला तो एक तुम्ही. माझा जबाब त्यांच्या भाषेत करून द्यायचा, एवढंच तुमचं काम. सगळं गाडं एका शब्दावर अडलंय. सोड म्हणजे हातातलं सोड, अजून काय असतं त्यात? बायको म्हणाली सोड, मी सोडलं. विषय संपला.

मी मुळात भांडखोर माणूस नाही हो. सातवीनंतर शाळा सुटली, सांगलीला एस.टी. स्टँडबाहेर पंक्चरचं खोपट टाकलं, तिथून इथवर आलो — सिंगापुरात सायकलचं दुकान, भिंतीवर बघा, एकेक सायकल मोटारसायकलच्या किमतीची — हे सगळं गोड बोलून केलंय, हात उचलून नाही. एकदाच उचलला. एक ट्रकवाला, चार ट्यूबा करून घेतल्या आणि वर माझ्या आईवरून बोलला. त्याचे दोन दात माझ्या वॉशरच्या डब्यात पडले, टिणटिण आवाज आला, अजून आठवतो मला. हसलात ना? सगळे हसतात. आणि इथं आल्यावर एकदा, चोरीच्या सायकली विकायला आलेला एक जण — त्याची बोटं फिरत्या चाकात — जाऊ दे, ते जबाबात नको. तर दरवर्षी मी आपल्या लोकांना सायकल सहलीला फ्रान्सला नेतो. इथं काय, बागा जोडणाऱ्या त्या पार्क कनेक्टरवर तेच तेच फिरायचं, चार झाडं गेली की सिग्नल. तिथं कालव्याकाठचा रस्ता, पूर्वी घोडे त्यावरून बोटी ओढायचे. मोटार नाही, स्कूटर नाही. अकरा दिवस एक हॉर्न ऐकू येत नाही. सामान व्हॅननं पुढच्या मुक्कामाला, आपण नुसते पाय मारायचे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला द्राक्षमळे — तासगावचे मळे मांडवावर असतात, डोक्यावर घड लोंबतात. तिथला वेल गुडघ्याएवढा, तोडणारा दिवसभर ओणवा. लोक मला म्हणतात, मनोहरशेठ, किती शांत वाटतं हो इथं! मी म्हणतो, पैसे शांततेचेच घेतो.

यंदा हा विक्रांत आला. मूळ पुण्याचा, इथं मोठ्या कंपनीत मॅनेजर, बोलणं एकदम गुळगुळीत — पहिल्या दिवसापासून ‘काय शेठ’, ‘वा शेठ’. चौथ्या दिवशी काय झालं, एका वळणावर आडवी फळी लावलेली. फळीवर पहिला शब्द ‘रूट’, तो कळला, आणि दुसरा ‘बार’ — पुढे काहीतरी शेपूट होतं त्याला, पण बार तर बारच. मी म्हटलं, चला, मळ्यातला वाईन बार असणार, आज शेठकडून पार्टी. काय झालं? हं, हसा. रस्ता बंद असा अर्थ होता म्हणे. मला काय माहीत? बाकी नऊ जण इंजिनियर, डॉक्टर, कोणाला कळलं नाही, आणि माझं मात्र हसू झालं. फळी बाजूला करून चौदा किलोमीटर गेलो, भर उन्हात, मळ्यांच्या मधून, रस्ता उखडलेला, आणि शेवटी एका शेतघरापाशी सगळंच संपलं. तिथं कुत्रा होता. वासराएवढा. साखळी नाही. सगळ्यांना टाकून तो गेला नेमका अरुणाच्या अंगावर. पोटरीत दात रुतवले त्यानं, ती सायकलसकट कोसळली, मनगट कटकन मोडलं — तो आवाज मी दहा हातांवरून ऐकला. मी धावलो. सायकलला बांधलेला पंप हातात आला, लोखंडी, उभा धरून हवा मारायचा. पहिला पाठीत घातला, तो वळला माझ्यावर, दुसरा डोक्यात घातला, मग मोजले नाहीत. जीभ बाहेर आली, डोळा बाहेर आला, तरी मी घालतच होतो, अंगठी घट्ट बसलीय ना ह्या बोटात, तिच्याखाली रक्त साचलं होतं. मग अरुणा जमिनीवरूनच म्हणाली, ‘अहो, सोड आता, सोड, मेलाय तो.’ ‘अहो’ आणि ‘सोड’ एका दमात, बघा तिची गंमत — तेव्हा थांबलो. शेतकरी चांगला निघाला. टोपी काढून कुत्र्याजवळ उभा राहिला नुसता.

पुढचं नीट लिहा, हे मुद्द्याचं आहे. सहाव्या दिवशी, दुपारी. बाकीची मंडळी पुढे गेलेली. एका लॉकपाशी आम्ही तिघंच — लॉक म्हणजे, कालव्यात दगडी भिंतींची लांबट कुंडी, दोन्ही टोकांना दारं. बोट आत घेतात, पाणी उतरवतात, बोट खाली गेली की पुढचं दार उघडतात. तेव्हा कुंडी रिकामी होती. तळाला ढोपरभर पाणी, वर दोन पुरुष उंच भिंती, हिरव्यागार, शेवाळलेल्या. अरुणाला व्हॅननं तिथं सोडलेलं, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. एका हातानं ती आमच्यासाठी पाव कापत होती. मी तो पाव धरला, म्हटलं सुरी निसटेल. तेवढ्यात हा विक्रांत येतो आणि म्हणतो, ‘काय शेठ, आज कुठला बार?’ दोन दिवस रोज जेवताना तेच चाललं होतं, माझी नक्कल करून, ‘चला, पार्टी!’ म्हणून. मी हसलो. गिऱ्हाईक आहे, हसायचं. मग तो म्हणाला, ‘मला वाचता आलं होतं हो ते. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच होतं. म्हटलं बघू तरी, पंक्चरवाला कुठवर नेतोय!’

कळलं तुम्हाला? ह्याला माहीत होतं. चौदा किलोमीटर ह्याला माहीत होतं आणि हा मागून मजा बघत आला. अरुणाच्या पोटरीला अकरा टाके पडले. मी एक थोबाडीत दिली. एकच. त्यानं हेल्मेट काढून माझ्या तोंडावर घातलं — हा दात बघा, हा — आणि मग मात्र मला दिसेनासं झालं. पोटात गुडघा घातला, वाकला तो, केस धरले, त्या दाराला लोखंडी दांडा असतो त्याच्यावर डोकं आपटलं. आपटलं म्हणजे मीच आपटलं, लिहा तसं, मी नाही म्हणत नाहीये. कानातून रक्त आलं त्याच्या, माझ्या मनगटावर आलं, गरम. तो ‘काका, काका’ म्हणायला लागला. आता काका! मी कॉलर धरून त्याला काठावर नेला. टाचा दगडावर, बाकी सगळा हवेत. ती लॉकवाली बाई तिच्या खोपटातून धावत येत होती, पाव खाली पडलेला, सुरी अरुणाच्या हातात तशीच. आणि अरुणा ओरडली. सोड! सोड! — आणि मी मूठ उघडली. बस. कमरेचं हाड मोडलं, कवटीला चीर गेली, महिनाभर झोपून होता, आता इथल्या हॉस्पिटलात आहे, बोलतो-चालतो, पण त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. लिहा: बायकोनं सोडायला सांगितलं म्हणून सोडला.

पेन का थांबलं?

कुत्रा? कुत्र्याचा काय संबंध इथं? ... हो, म्हणाली ना, तेव्हाही सोडच म्हणाली. मग? ... नाही, पंप मी टाकला नाही. पंप हातातच होता. थांबलो मी. मारायचा थांबलो. ... अहो, कुत्रं वेगळं, माणूस वेगळा, त्या वेळी माझं डोकं — हे बघा, तुम्ही विद्यापीठातली माणसं शब्दाला शब्द लावत बसता, तिथं काठावर उभं राहून कोणी शब्दकोश उघडतो का? मला काय माहीत तिला काय म्हणायचं होतं!

माहीत होतं. चोवीस वर्षं ऐकतोय तो शब्द. घरी ऐकतोय — म्हणजे काही विशेष नाही, दंड धरला असेल कधी, मनगट धरलं असेल, रागात माणूस धरतो — तेव्हा ती तसंच म्हणते, त्याच आवाजात, दोनदा. सोड, सोड. म्हणजे पुरे. म्हणजे आता थांब. तो आवाज मी हजारात ओळखीन. काठावरही ओळखला. आणि विक्रांतच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, ह्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि मला दुसरा घेता येतो. व्यापारी डोकं, दुसरं काय. एकेक करून बोटं उघडली मी, सौमित्रराव. करंगळी आधी.

परतल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. इथंच सिंगापुरात, सेंगकांगला तिच्या बहिणीकडे आहे, सविताकडे. पोलिसांना सांगितलंय तिनं, आधी ह्यांचा जबाब मला दाखवा, मग मी माझा देते. माझ्या कागदावर काय येतंय ते बघतेय ती. मी खोटं लिहिलं तर ती खरं सांगेल आणि परत यायची नाही. मी खरं लिहिलं तर हे दुकान, ते कालवे, सगळं गेलं, आणि तरी ती येईलच असं काही नाही.

उठा आता. पुसू नका ते, खोडू पण नका. त्या शब्दाची जागा कोरी ठेवा. कागद घेऊन सेंगकांगला जा, तिच्यासमोर बसा, आणि तिला विचारा, वहिनी, सोड म्हणजे काय. ती सांगेल तेच फ्रेंचमध्ये लिहा, माझ्याकडे परत विचारायला येऊ नका. काही बोलू नका मला. शटर अर्धं खाली आहे, वाकून जा. फक्त इथं मी जे जे बोललो त्याचा हिशेब प्रामाणिक ठेवा — माझ्या बाजूला भर नको, तिच्या बाजूला घट नको.