ब्रेन्नो बेटावरचं शेवटचं गाणं

गोथेनबर्गच्या कानांच्या दवाखान्यात इंगेलाशेजारी दोन म्हातारे बसले होते. तरुणपणी ज्या गुंगवून टाकणाऱ्या सायकेडेलिक बँडच्या गाण्यांवर ती डोलली होती, त्यातलेच रूने आणि स्टेलान.

"ब्रेन्नो बेटावरच्या त्या कार्यक्रमात तू मधेच ड्रम सोडून का गेलास रे, रूने?"

"तूच ओरडलास ना, थांब म्हणून!"

"मी? अरे, धुकं उतरत होतं, लोक डोळे मिटून डोलत होते, गिटार तर आपोआप वाजत होती!"

"मला वाटलं, माझा ठेका चुकला. लाजेनं पहिली बोट पकडली."

"अन् बँड संपला."

"मग ओरडलास तरी काय?"

"थांबू नकोस, म्हणालो होतो."

नर्सने रूनेचं नाव पुकारलं. तो उठलाच नाही.

"स्टेलान, पुन्हा एकदा म्हण."