एक खुर्ची सोडून

"समाजशास्त्राला शास्त्र कोण म्हणतं हो?"

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंना मी हे विचारलं, कारण मैत्रिणींनी तसं विचारून दाखवायची पैज लावली होती. घरचे सायन्सवर अडून बसले होते आणि उद्या शाळेत शाखा सांगायची होती.

"आता येणारा मध्ये एक खुर्ची सोडून बसेल. बघ."

एक काका आले आणि तसेच बसले. मागून आलेली ताईही तशीच बसली.

"बाई, जादू करता का?"

"थांब, चुकेनसुद्धा."

तेवढ्यात एक आजी थेट काकांना खेटून बसल्या.

"चुकलात की."

"छान झालं, आता शास्त्र सुरू. आजी, इथेच का बसलात?"

"हे घाबरलेले दिसले गं."

"घाबरलोच होतो," काका हळूच म्हणाले.

माझं लक्ष आता दाराकडे लागलं: पुढचा कुठे बसेल, आणि का?

घरी गेल्या गेल्या सांगितलं, "आई, बाबा, हवं तर चिडा, पण मी समाजशास्त्रच घेणार."