मामंजींच्या उरलेल्या गोळ्या

हदगावच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या.

"आत्याबाई, मामंजींच्या साखरेच्या गोळ्या कुठं हायत? मेडिकलवाला म्हणला, उरलेल्या आमच्याकडं आणून द्या."

"तेराव्याला त्यांचं धोतर, छत्री, चप्पल समदं देऊन टाकलं. तवाच गोळ्या बी दिल्या."

"कुणाला?"

"नागाबाईला. तिला लई चक्कर येती म्हणं."

"अवो, तिला साखरेची बिमारी न्हाई! तिची साखर एकदम खाली जाईल. खाल्ल्या का तिनं?"

"गेलेल्या माणसाचं घरात काही ठेवू न्हाई, बबिता."

"आत्याबाई, खाल्ल्या का तिनं?"

"सकाळी फोन लावला व्हता. तिची सून म्हणली, आमच्या आत्याबाई अजून उठल्याच न्हाईत. मलाच बरं वाटलं, लई दिसांनी बिचारीला गाढ झोप लागली."