करिष्माचं तिकीट

पोंभुर्ण्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"रुखमाबाई, विद्यापीठात काऊन बोलावलं होतं तुमाले?"

"परदेशी संस्थेचा मोठा साहेब आला होता. पोरींच्या शिक्षणाचा करार झाला. खेड्यातल्या पोरीची माय म्हणून मले स्टेजवर बसवलं."

"बोलल्या का काही?"

"बोलली ना. आमच्या गावची बस बंद झाली म्हणून माह्या करिष्मानं कॉलेज सोडलं, बस सुरू करा म्हटलं. विद्यापीठाच्या मॅडमनं साहेबाले इंग्रजीत सांगतलं. त्यानं उठून टाळ्या वाजवल्या."

"मंग, बस देते म्हणे?"

"नाई. करिष्माले जिनिव्हाले बोलावलं. पोरी कॉलेज काऊन सोडतात, त्यावर बोलाले."

"थे कुठी आलं?"

"लय दूर हाय. विमानाचं तिकीट तेच देऊन राह्यले. गावातून इथी स्टँडवर मात्र पायीच या लागन."