खाटेखाली काम चालू आहे

नाही झाली हो, काका, गाडी नाही झाली, ते मला तुमच्याआधी दिसलंय, तुम्ही बोनेटवर थापा मारल्यात म्हणून ती काही चालू व्हायची नाही... आणि बाई, तुम्ही ती स्कूटरची किल्ली माझ्या नाकासमोर नाचवू नका. बसा. त्या टायरवर बसा, पुसलाय. गॅरेजला एवढे दिवस कुलूप का होतं विचारताय ना? तुम्हाला सांगतो. सगळं सांगतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला, मी कुठे पळून जात नाही.

माझी मुलगी. नववीतली. मैदानात खेळताना चेंडू बसला डोळ्यावर, आणि ही महामाया घरी येऊन गप्प! का, तर आई खेळणं बंद करेल. डोळ्यासमोर काळा पडदा सरकायला लागला तेव्हा कुठे तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, आजच्या आज ऑपरेशन. केलं. आत गॅसचा फुगा भरला. तो फुगा वर सरकणार आणि पडद्याला जागेवर दाबून धरणार, म्हणजे आपण पंक्चरच्या ठिगळावर दाब देऊन ठेवतो ना, तसंच. मी डॉक्टरांना तसं म्हणालो. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "साधारण." आता फुगा जातो वर, आणि पडदा आहे डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे तोंड कुठे पाहिजे? खाली! दिवसभर, रात्रभर, पालथं. खाटेच्या टोकाला एक गोल उशी जोडलेली, मध्ये भोक, त्या भोकात तोंड घालायचं आणि फरशी बघत पडून राहायचं. मान वर करायची नाही. पडदा चिकटला तर चिकटला, नाहीतर तो डोळा गेला. हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तिला नाही सांगितलं.

आणि वरून सिस्टर! तुम्हाला सांगतो, असा आवाज मी ट्रकच्या हॉर्नचाही ऐकला नाही. "मोबाइल नाही, पुस्तक नाही, टीव्ही नाही. मान वर करायची नाही. तुम्ही वडील ना? मग मन रमवा तिचं." मन रमवा! चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं! जिच्याशी मी गेल्या दोन वर्षांत "जेवलीस का" आणि "आवाज कमी कर" याच्यापलीकडे एक वाक्य बोललेलो नाही! हिची आई बेकरीत, पहाटे भट्टीवर जाते, दुपारभर झोपते, रात्री दवाखान्यात येते. दिवस माझा. अख्खा दिवस.

पहिल्या सकाळी मी खुर्ची ओढून बसलो, घसा साफ केला आणि म्हटलं, "एक राजा होता."

उशीतून आवाज आला, "बाबा, मी नववीत आहे."

राजा गेला. मग म्हटलं, कोडं घालतो. पहिलं कोडं तिला येत होतं, दुसरं येत होतं, तिसरं मला अर्धंच आठवलं. मग खिडकीखालून गाड्या जात होत्या, तर नुसत्या आवाजावरून कुठली गाडी आणि तिचं काय दुखतंय ते मी सांगायला लागलो... ह्याचा पट्टा सैल आहे, ह्याचा सायलेन्सर फुटलाय, ह्याला क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची खोड आहे... मला वाटलं काय रंगलंय! शेजारच्या खाटेवरच्या आजी तर कानात प्राण आणून ऐकत होत्या. आणि आमची कन्या? "बाबा, बोअर." बोअर कसलं! आजी मला म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे या, मला आवडतंय."

मग गाणी लावली. दोन गाणी बरी गेली, तिसऱ्याला हिने ताल धरला, मानेनं! सिस्टर कुठून उगवल्या देव जाणे. "मान वर करायची नाही, मान हलवायचीही नाही." गाणी बंद. म्हटलं, विनोद सांगतो. आमच्या गॅरेजमधले विनोद मुलीला सांगण्यासारखे नसतात, त्यातल्या त्यात एक धुऊन-पुसून सांगितला, ती हसली, खाट गदगदा हलली. "हसवू नका तिला!" आता मला सांगा, हसवायचं नाही, रडवायचं तर अजिबात नाही, आणि कंटाळू द्यायचं नाही. माणसानं करायचं काय? मी सिस्टरना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही बघा."

बघा म्हणे! रात्री हिची आई येऊन विचारायची, "कसा गेला दिवस?" ही उशीतून सांगायची, "बाबा कोडी घालत होता." आणि आई माझ्याकडे असं बघायची, जसं मीच चेंडू मारलाय डोळ्यावर.

आता मुद्द्यावर येतो. काका, घड्याळ बघू नका, येतोय.

आपल्या धंद्यात एक वाक्य आहे. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय, म्हणून तर इथे जमलायत. तुम्ही विचारता, गाडी कधी मिळेल? आम्ही कापडाला हात पुसत, तुमच्याकडे न बघता, पान्याच्या पेटीकडे बघत म्हणतो, "होऊन जाईल." झालं. त्याचा अर्थ उद्या नाही, परवा नाही, अर्थच काही नाही. ते नुसतं तुम्ही घरी जावं म्हणून असतं. आणि ही पोरगी या गॅरेजमध्ये वाढलीय. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाढे पाठ केलेत हिने, आणि पाढ्यांच्या मधूनमधून दिवसभर माझं "होऊन जाईल".

एका दुपारी आजी झोपलेल्या, वॉर्ड शांत, मी तिच्या कपड्यांची घडी घालत होतो. आणि उशीतून एकदम बारीक आवाज आला. "बाबा, मला दिसेल ना?"

 हातात टॉवेल होता. त्या टॉवेलला मी हात पुसले, खिडकीकडे बघितलं आणि तोंडातून काय निघालं?

"होऊन जाईल."

 मग ती म्हणाली, "हे तू गाडीवाल्यांना सांगतोस तसं सांगितलंस."

"नाही गं, वेडे."

"तू हात पुसलेस. मला आवाज आला."

"अगं, टॉवेल होता..."

"तुझं तोंड बघू दे मला." आणि कोपर टेकवले की हो तिने खाटेवर! खांदे उचलले! मी काय ओरडलो मला आठवत नाही, मान वर करायची नाही, मान वर करायची नाही, असंच काहीतरी, आणि तिला दाबून धरायचं तर डोळा, हात कुठे लावू, म्हणून मी काय केलं... जे मला येतं ते केलं. फरशीवर पाठ टेकली आणि सर्रकन खाटेखाली. आयुष्य गाड्यांखाली गेलंय, मला दुसरं काय सुचणार? डोकं बरोबर त्या भोकाखाली आणलं आणि वर बघितलं. म्हटलं, "हे बघ. हे तोंड. आता हलू नकोस."

हलली नाही.

इतक्या जवळून मी तिला लहानपणानंतर बघितलंच नव्हतं हो. एका डोळ्यावर पट्टी, गालावर उशीचे वळ, नाक दाबून लाल. आणि तेवढ्यात वरून टपकन एक थेंब पडला माझ्या कपाळावर. आता सवय... वरून थेंब पडला की आपला हात थांबतो का? बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि नाकाला लावून वास घेतला. ऑइल आहे, पाणी आहे की ब्रेकचं तेल! माझ्या पोरीच्या डोळ्यातलं पाणी, आणि मी गळती शोधतोय!

ती बघत होती. म्हणाली, "बाबा, तू आत्ता वास घेतलास?"

"हो."

"काय आहे मग?"

"पाणी," मी म्हटलं, "नुसतं पाणी आहे. घाबरण्यासारखं नाही." आणि ती हसली, मीही हसलो, दोघंही आवाज न करता, सिस्टरच्या भीतीनं. मग ती म्हणाली, "आता सांग." आणि खाटेखालून काय खोटं बोलणार? खिडकीकडे बघायची सोय नाही, हात पुसायची सोय नाही. सांगितलं. म्हटलं, "मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. तू मान खाली ठेवलीस तर पडदा चिकटेल, बहुतेक. मला फार भीती वाटतेय गं."

ती म्हणाली, "मला पण." मग म्हणाली, "आधीच सांगायचंस ना, मी किती दिवस एकटीच घाबरतेय."  

त्या दिवसापासून नियम झाला. काही विचारलं की उत्तर खाटेखालूनच! आई आली का, खाली. जेवायला काय आहे, खाली. आजी खरंच झोपल्यात की सोंग करतायत, खाली जा आणि सांग! शेवटी गॅरेजमधली चाकाची फळी, जिच्यावर झोपून गाडीखाली सरकतो ती, घेऊन गेलो, साबणानं तीनदा धुऊन. सिस्टरनी ती नाकाशी धरली, चाकं फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "करकरते. तेल घाला." घातलं! पहिल्यांदा त्या बाईशी माझं काहीतरी जुळलं. मोठे डॉक्टर राउंडला आले तर खाटेखालून दोन पाय बाहेर. "हे कोण?" आमची कन्या उशीतून म्हणते, "माझे बाबा आहेत. काम चालू आहे." आणि काय बोलायचो आम्ही म्हणाल तर काहीही. ती मैत्रिणीशी का भांडली, मला कुठल्या गिऱ्हाईकाची धास्ती वाटते... तुमचं नाव नाही घेतलं, काका. बोअर हा शब्द परत निघाला नाही. माझी पाठ मात्र कामातून गेली, ते वेगळं.

काल पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं नाचवली. ही म्हणाली, "बोटं दिसतात, पण हलतायत, पाण्यात असल्यासारखी." डॉक्टर खूश. म्हणाले, आत फुगा आहे तोवर असंच दिसणार, पडदा चिकटलाय. हिच्या आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय. ती म्हणाली, "डॉक्टर, नजर पूर्ण पहिल्यासारखी होईल ना?" आणि डॉक्टरांनी, एवढ्या शिकलेल्या माणसानं, रुमालाला हात पुसले, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "होऊन जाईल."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बापलेकींनी.

ती म्हणाली, "डॉक्टर, इकडे बघून सांगा ना." बिचारे थांबले, स्टूल ओढून तिच्यासमोर वाकून बसले आणि म्हणाले, "बेटा, ते मला आज सांगता येणार नाही. थोडा फरक राहू शकतो." ती म्हणाली, "चालेल." हिची आई रडली. मी पण रडलो, लाज कसली.

तर असं झालं सगळं. ती आतच बसलीय, घरी एकटी कशी ठेवणार, टेबलावर कपाळ टेकून पडलीय, अजून मान वर करायची नाही. पण कान आहेत ना उघडे. मला ताकीद दिलीय, गिऱ्हाइकांनाही यापुढे तसलं उत्तर द्यायचं नाही.

काय म्हणालात, काका? गाडी कधी? गाडी... तिचं काय आहे, उद्या संध्याकाळपर्यंत होऊन जा...

ऐकलं गं, ऐकलं. कापड ठेवलं खाली. बघतोय त्यांच्याकडे.

माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही. दुसऱ्या गॅरेजला न्यायची असेल तर खुशाल न्या, मी वाईट वाटून घेणार नाही... फक्त ढकलत न्यावी लागेल, इंजिन मी खाली उतरवून ठेवलंय.