पाठीवरच्या पट्ट्या

काल्बुबू : बघ सायकाल, नारीन शहरातल्या दवाखान्यातून एवढी आलीयस तर आता तूच बघ. खाजतं इथं, खांद्याच्या फऱ्याखाली. आणि ही माझी सून तुझ्या त्या करंटच्या मशीनच्या पट्ट्या चिकटवते तिथं, मणक्यापाशी. तेही तोंड फिरवून! सासूच्या उघड्या पाठीकडे बघायचं नाही म्हणे. मग काय वासावर लावणार?

सायकाल : जागा बरोबर आहे, आपा. मीच दाखवलीय जिपारला. लोकरीचे नमदे शिवत जन्मभर मान खाली घातलीत, मणक्याशी नस दबलीय. करंट तिथंच द्यायचा. खाजतं तिथं कातडीला काही झालेलं नव्हतं, तुम्हीच लाकडी चमच्यानं खरवडून काळं केलंय.

काल्बुबू : चमचा निदान माझं ऐकतो.

जिपार : चमचा मी लपवलाय.

काल्बुबू : चोरटी!

सायकाल : बाहेर गाडी कुणाची?

काल्बुबू : हिच्या भावाची. माझाच चहा पितोय आणि माझीच सून माहेरी न्यायला मागतोय.

जिपार : मी येत नाही म्हटलंय त्याला. आपांचा हात पाठीमागे पोचतो का? पट्ट्या कोण लावणार?

काल्बुबू : ऐकलंस? माझा मुलगा, हिचा नवरा मिर्लान घाटात बर्फाखाली गेला. त्याचं वर्षाचं जेवणही घालून झालं. त्या दिवशी सासूनं आपल्या हातानं सुनेचा शोकाचा काळा रुमाल उतरवून तिला मोकळं करायचं असतं. मी नाही उतरवला. म्हटलं, आधी पाठ बरी होऊ दे.

सायकाल : पाठ पुरती बरी नाही व्हायची, आपा. आटोक्यात राहील एवढंच.

काल्बुबू : ते काय मला कळत नव्हतं? ...एकटीला जमेल असं काही सांग.

सायकाल : मागं सांगितलं तेव्हा म्हणालात, कोंबडीसारखे खांदे हलवायला मी खुळी आहे का!

काल्बुबू : आज म्हणत नाही.

सायकाल : मग भिंतीला टेका. हनुवटी आत. दोन्ही फरे मागं ओढा, जवळ आणा. हं. रोज करायचं. खाज उठली की ओला गार कपडा शालीत गुंडाळून खांद्यावरून मागं सोडायचा. ओरबाडायचं नाही.

जिपार : आपा, राहू द्या. मी आहे ना.

काल्बुबू : इकडं ये. बस खाली. मान वाकव.

(काल्बुबू रुमालाची गाठ सोडू लागते.)

जिपार : आपा, नको ना...

काल्बुबू : गप. एक पट्टी धड जागेवर लावता आली नाही तुला. असली सून मला नको. जा, गाडीत बस.