शेवटी एक मुलगी

वर्तमानपत्राच्या कचेरीत, जाहिरातींच्या खिडकीसमोर, ती वडिलांच्या निधनाचा मजकूर घेऊन रांगेत उभी होती. पुढे प्रौढ साक्षरता वर्गाच्या बाई आणि त्यांची साठीची विद्यार्थिनी.

"बाई, वर्गात वाचायला रद्दीतलेच पेपर का हो देता?"

"अक्षरं थोडीच शिळी होतात, मावशी?"

"मी एकेक अक्षर जुळवत आईचं नाव वाचलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"मला काय ठाऊक, ती तुमची आई!"

"मला तरी कुठं ठाऊक होतं ती गेल्याचं? पेपर तीन महिन्यांचा जुना. खाली तिन्ही भाऊ, सुना, नातवंडं. चारदा वाचलं. म्हटलं, माझंच वाचन कच्चं असेल."

"त्यांना वाटलं असेल, हिला कुठं वाचता येतंय."

"मावशी, छापायचं काय?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"तीच जाहिरात. तश्शीच. फक्त शेवटी एक मुलगी वाढवा."

मग मागे उभ्या असलेल्या तिचा नंबर आला. कारकुनानं मजकुरावर बोट ठेवलं.

"वडिलांची बहीण म्हणून लिहिलेलं हे नाव खोडलंय. घ्यायचं नाही ना?"

खोडलं होतं दादानं. ती गप्प बसली होती.

"घ्या," ती म्हणाली, आणि आत्याला कळवायला, फोन लावत रांगेतून बाजूला झाली. वडिलांना जाऊन चार दिवस झाले होते.